एक्स-रेच्या फिल्मवर आठवडे बाजार

धुळ्याला भूगोलाच्या प्राध्यापकांची परिषद भरणार आहे, ही बातमी आमच्या विभागप्रमुख सरांनी मला कॉलेजच्या जिन्यात दिली. ते वर चढत होते आणि मी हातात पृथ्वीचा गोल घेऊन खाली उतरत होते. जळगावच्या कॉलेजात नोकरीला लागून मला दुसरं वर्ष चालू होतं. सर निवृत्तीला आलेले, बोलणं अगदी मोजकं. एका पायरीवर थांबून त्यांनी विचारलं, "तुमचं ते बाजारांचं काम कुठवर आलंय?"

"चाललंय सर. रावेरकडचे काही बाजार राहिलेत अजून."

"राहू द्या राहिलेले. आहे त्यावर पेपर लिहा. तुमचं नाव धुळ्याला कळवतोय मी."

एवढं बोलून ते वर निघूनही गेले. मी तो गोल पोटाशी धरून तिथंच उभी. मग वर्गात गेले. त्या तासाला मी मुलांना काहीतरी शिकवलंच असणार, पण काय शिकवलं ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. डोक्यात एकच चाललं होतं: पेपर! माझा पेपर! ज्या धुळ्यात मी शाळेपासून बी.ए.पर्यंत शिकले, तिथं प्राध्यापकांसमोर उभं राहून मी पेपर वाचणार.

माझा विषय जळगावच्या आसपासचे आठवडे बाजार हा होता. कोणत्या गावाला कोणत्या वारी बाजार भरतो, तोच वार का ठरला असेल, आणि बाजार करणारी माणसं आठवडाभर कुठून कुठं फिरतात, एवढंच मला शोधायचं होतं. सुट्टीच्या दिवशी मी आणि माझा नवरा मोटारसायकलवरून निघायचो. तो माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवायचा. भूगोलाशी त्याला काही देणंघेणं नव्हतं, पण भटकायला तो नेहमी तयार. नशिराबादला जा, जामनेरला जा, बाजारात गाडी लावायची आणि मी कागद-पेन्सिल घेऊन आत शिरायची. सुरुवातीला लोकांना मी कर वसूल करणारी वाटायची. जामनेरला मिरच्या विकणाऱ्या एका बाईनं मला पाहताच पसरलेली मिरची गोळा करायला घेतली. "बाई, बाजार उठवता का काय आमचा?" असं तिनं विचारलं, तेव्हा मी तिच्या शेजारी पोत्यावर बसले आणि मला काय हवंय ते तिला समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असं शिकायलाबी पगार भेटतो का?"

पेपर लिहायचं ठरल्यावर मी सगळी माहिती स्वयंपाकघरातल्या फरशीवर पसरली. जिल्ह्याच्या नकाशावर ट्रेसिंग पेपर अंथरला आणि एकेका विक्रेत्याचा आठवडा रेघेनं जोडायला लागले. बांगड्यावाला इथून तिथं गेला, तिथून पुढच्या गावी, मग परत घरी. मसाल्यावाला असा, भांडीवाला तसा. रेघा वाढत गेल्या आणि हळूहळू मला दिसायला लागलं की लगतच्या दोन गावांचा बाजार एका वारी जवळपास कधीच येत नाही. प्रत्येकाची रेघ फिरून आपल्या गावी येते आणि एक कडं पुरं होतं. माझ्या नकाशावर अशी कडीच कडी झाली होती, एकमेकांत अडकलेली. पण तापीच्या पलीकडं, केळीच्या पट्ट्यात, सावदा-फैजपूर-रावेरच्या बाजूला कडी तुटलेली दिसत होती. तिथले विक्रेते फारसे फिरतच नव्हते. दोन बाजार धरून बसलेले. का?

त्या 'का'चं उत्तर मला सुचलं तेव्हा पोळ्या तव्यावर होत्या. केळी कापणारे, गाड्या भरणारे मजूर तिकडं बारा महिने कामावर असतात, आणि त्यांची मजुरी बाजाराच्या दिवशी हातात पडते. ज्या बाजाराला गिऱ्हाईक हमखास येतं, तो सोडून विक्रेता कशाला भटकेल? मी लाटणं हातात घेऊनच बाहेरच्या खोलीत धावले आणि नवऱ्याला ते सांगायला लागले. तो वह्या तपासत होता. त्यानं सगळं ऐकलं, मान वर करून म्हणाला, "पोळी जळतेय." पण मग तो उठला, तवा उतरवला आणि म्हणाला, "पुन्हा सांग. सावकाश."

पेपर लिहून मी पाठवला आणि काही दिवसांत तो स्वीकारल्याचं धुळ्याहून कळलं. त्यासोबत सूचनांचा एक सायक्लोस्टाइल कागद होता. पेपर मराठीत चालेल. बोलायला दहा मिनिटं. आणि शेवटी एक ओळ: सभागृहात ओव्हरहेड प्रोजेक्टरची सोय आहे, नकाशे पारदर्शक फिल्मवर आणावेत.

ओव्हरहेड प्रोजेक्टर मी फक्त चित्रात पाहिला होता. आमच्या कॉलेजात नकाशे कापडाचे, भिंतीला टांगायचे, गुंडाळी सोडली की धूळ उडायची. पारदर्शक फिल्म कशी असते, कुठं मिळते, काहीच माहीत नव्हतं. जळगावातल्या स्टेशनरीच्या दुकानांत मी विचारून आले. एकानं मला वह्यांना घालायची प्लॅस्टिकची कव्हरं दाखवली. दुसरा म्हणाला, मुंबईहून मागवावी लागेल, पण केव्हा येईल सांगता येत नाही. परिषद तर तोंडावर आलेली.

मी सरांकडं गेले. ते म्हणाले, "कापडी नकाशा न्या. आम्ही आयुष्यभर तेच केलं."

मला ते पटेना. एकावर एक फिल्म ठेवत गेलं, की आधी नदी, मग गावं, मग वार, मग बाजारकऱ्यांची कडी, असं लोकांच्या डोळ्यांसमोर उभं राहील, हे चित्र माझ्या मनात पक्कं बसलं होतं. मी घरी येऊन नवऱ्यापुढं सगळं गाऱ्हाणं मांडलं. तो ऐकता ऐकता अचानक उठून चपला घालायला लागला.

"कुठं?"

"आलोच."

तो परत आला तेव्हा त्याच्या काखेत एक मोठं खाकी पाकीट होतं. आमच्या गल्लीत हाडांचे एक डॉक्टर होते. लोक एक्स-रे काढून घ्यायचे, दाखवायचे आणि कित्येकदा तिथंच विसरून जायचे. असे बेवारस एक्स-रे डॉक्टरांनी कपाटात साठवले होते. नवऱ्यानं पाकीट उघडून पलंगावर ओतलं, तर काळ्या फिल्मवर कुणाच्या बरगड्या, कुणाचा गुडघा, कुणाचा मोडलेला हात.

माझ्या सासूबाई दळण निवडत बसल्या होत्या. त्यांना घरीदारी सगळेच अक्का म्हणायचे. अक्का रावेरकडच्या, जन्म केळीच्या मळ्यात गेलेला. सासरे गेल्यानंतर त्या आमच्याकडं जळगावला राहायला आल्या होत्या. त्यांनी बरगड्यांकडं पाहून हात जोडले आणि विचारलं, "हे काबरं आणलं घरात?"

"अक्का, हा काळा रंग फक्त वरचा लेप असतो," नवरा म्हणाला. "तो निघाला की खाली स्वच्छ फिल्म. काचेसारखी."

"आन् ह्या बरगड्या?"

"त्याबी निघतील."

मागच्या अंगणात चुलीवर पाणी तापवलं. त्यात धुण्याचा सोडा टाकला. घमेल्यात पहिला एक्स-रे बुडवला आणि आम्ही तिघं वाकून बघत बसलो. आधी काहीच होईना. मग कडेला बुडबुडे आले, काळा लेप सुटून सायीसारखा वर तरंगायला लागला. नवऱ्यानं चिमट्यानं फिल्म उचलून अर्धी पुसली. त्या अर्ध्यातून पलीकडचा तुळशीचा कठडा लख्ख दिसला! फिल्मला थोडी निळसर झाक होती, तेवढंच. मी टाळ्या वाजवल्या. शेजारची बाई भिंतीवरून डोकावून विचारायला लागली, काय झालं म्हणून.

पुढचं काम अक्कांनी ताब्यात घेतलं. लेप दोन्ही बाजूंना असतो, हे आम्हाला नंतर कळलं. एक बाजू निघाली तरी दुसरी चिवट राहायची. अक्का पदर खोचून घमेल्यापाशी बसल्या आणि कापडाच्या बोळ्यानं घासत राहिल्या. फिल्मवर ओरखडा पडू नये म्हणून मी त्यांना सारखी सांगत होते आणि त्या मला सारख्या बाजूला सारत होत्या. "तांब्याचे हंडे घासले मी आयुष्यभर. मले सांगते!" मधेच त्यांना माणसांची काळजी वाटायची. एक फिल्म उजेडाकडं धरून त्या म्हणाल्या, "ह्याचा हात जुळला असन का गं?" मी म्हटलं, जुळला असेल. मग त्यांनी तो हात घासून काढला.

आता शाईचा प्रश्न आला. साध्या स्केचपेनाचा रंग फिल्मवर थांबायचाच नाही, थेंब होऊन पसरायचा. शेवटी एका फोटो स्टुडिओत निगेटिव्हवर खुणा करायची घट्ट शाई मिळाली, एक काळी आणि एक तांबडी. स्टुडिओवाल्यानं बारीक ब्रशही दिला. कॉलेज सुटलं की मी दुपारच्या उजेडात खिडकीपाशी बसायची. ट्रेसिंगवर फिल्म ठेवून आधी तापी काढली, मग गिरणा, वाघूर. हात थरथरू नये म्हणून श्वास धरून रेघ ओढायची आणि रेघ संपली की सोडायची. गावांची नावं लिहिताना मला इतका आनंद होत होता, की मी ती मोठ्यानं वाचायची. अक्का आतून हुंकार द्यायच्या. रावेर म्हटलं की त्या उठून बघायला यायच्या. "कुढी हाये? हे? एवढंसं?"

"नकाशात एवढंच दिसतं अक्का."

"थोडं मोठं काढ."

मी रावेरचा ठिपका थोडा मोठा काढला. भूगोलाच्या दृष्टीनं ते चूकच होतं.

मग तालमी सुरू झाल्या. संध्याकाळी नवरा गजराचं घड्याळ घेऊन खुर्चीवर बसायचा, अक्का खाली पाटावर, आणि मी भिंतीला पाठ लावून उभी. पहिल्या दिवशी दहा मिनिटं झाली तेव्हा मी अजून खानदेशाचे अक्षांश-रेखांश सांगत होते. गजर वाजला. अक्कांना डुलकी लागली होती, त्या दचकून उठल्या.

"बाजार कुठाय?" नवऱ्यानं विचारलं.

"येतोय ना. आधी प्रदेशाची ओळख करून द्यावी लागते. सगळे पेपर असेच असतात."

"धुळ्याच्या लोकांना तू तापी कुठून वाहते ते सांगणार?"

मला राग आला. ती दोन पानं मी फार मन लावून लिहिली होती. खडक, माती, पाऊस, सगळं त्यात होतं. मी म्हटलं, हे काढलं तर पेपर पेपरासारखा वाटणार नाही. तो म्हणाला, मग जामनेर काढ. मी म्हटलं, जामनेर काढलं तर कडीच पुरी होत नाहीत. तो म्हणाला, मग नशिराबाद. आमचा आवाज चढला. आम्ही एकमेकांना गावं काढायला सांगत होतो आणि अक्का एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं पाहत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "ते मिरचीवालीचं नही सांगितलं तू. त्या दिवशी घरी येऊन सांगत होती, ते. तवा मी काही झोपली नव्हती."

सकाळी उठून ती दोन पानं बाजूला काढली आणि पेपराची सुरुवात जामनेरच्या बाजारात मिरची गोळा करणाऱ्या बाईपासून केली. संध्याकाळी तालीम घेतली, तर गजर व्हायच्या आत मी शेवटच्या वाक्याला पोचले होते. नवरा उठून उभा राहिला आणि त्यानं शाळेतल्यासारख्या टाळ्या वाजवल्या.

निघायच्या आदल्या आठवड्यात अक्कांनी जाहीर केलं, "मीबी येते."

"कुठं?"

"धुळ्याले. त्या फिल्मा मी घासल्या. कशा दिसता ते मले पाहाचं हाये."

नवऱ्याला परीक्षांमुळं रजा नव्हती. मला तर सोबत हवीच होती. पण परिषदेत सासूला घेऊन जाणं कसं दिसेल, असं मनात येऊन गेलं. मी सरांना चाचरत विचारलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "सभागृहात खुर्च्या पुष्कळ असतात," ते म्हणाले.

आम्ही एसटीनं निघालो. फिल्म दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधून मी मांडीवर घेतल्या होत्या. एरंडोल, पारोळा मागं पडलं, तरी मी त्या कुणाला हातात दिल्या नाहीत. कंडक्टर म्हणाला, "ताई, वर ठेवा की." अक्कांनीच त्याला सांगितलं, "त्याच्यात आख्खा जिल्हा हाये बापा, वर कसा ठेवशीन?"

धुळ्याला माझं माहेर. आई दारातच उभी होती. ती अहिराणी बोलणारी, अक्का रावेरकडची बोली बोलणाऱ्या. लग्नानंतर दोघी विहिणी अशा निवांत पहिल्यांदाच भेटत होत्या. "या ईन, या. तुम्हीबी उनात, लई बरं व्हयनं," आई म्हणाली. "हातपाय धुई ल्या, बठ्ठं तयार शे." ताटं मांडलेलीच होती. मला जेवण जाईना. मी सारखी उठून आरशासमोर पहिलं वाक्य म्हणून बघत होते. आई मला म्हणाली, "काय करी राहिनी तू? आधी जेव." आणि अक्का तिला सांगायला लागल्या, की घरी गेले पंधरा दिवस हेच चाललंय, मलेबी पाठ झालं आता. खरंच झालं होतं. पाटावर बसून त्यांनी आईला मिरचीवालीचा सगळा प्रसंग माझ्याच शब्दांत म्हणून दाखवला. आईला हसू आवरेना. मग मीही जेवले.

दुसऱ्या दिवशी माझ्या जुन्या कॉलेजच्या फाटकातून आत जाताना अक्कांचा हात मी घट्ट धरला होता. नावनोंदणीच्या टेबलावर मला एक फीत लावलेला बिल्ला दिला. अक्कांनी तो माझ्या खांद्यावर सरळ करून लावला. माझा पेपर जेवणानंतरच्या सत्रात होता. नागपूर, पुणे, औरंगाबादहून आलेली माणसं, पोटभर जेवलेली, पंख्याखाली सैलावून बसली होती; आमचे सरही त्यांच्यात होते. सत्राचे अध्यक्ष पांढऱ्या केसांचे, सफारीतले, खड्या आवाजाचे गृहस्थ होते. माझ्या आधीच्या दोघांना त्यांनी घंटी वाजवून अर्ध्यावर थांबवलं होतं. दोघंही त्या वेळी आपापल्या जिल्ह्याच्या पर्जन्यमानापर्यंत आले होते. मी मनातल्या मनात नवऱ्याचे आभार मानले.

माझं नाव पुकारलं. मी पुढं गेले. प्रोजेक्टर म्हणजे एक पेटी, वर काच, त्यावर वाकलेला आरसा. तिथल्या शिपायानं बटण दाबलं आणि पंख्याचा घुर्र आवाज होऊन पडद्यावर पांढरा चौकोन पडला. मी पहिली फिल्म ठेवली. पडद्यावर तापी आली. भिंतीएवढी तापी! निळसर झाकेमुळं तर ती पाण्यातूनच वर आल्यासारखी दिसत होती. मागून कुणीतरी "वा" म्हणालं.

"जामनेरच्या बाजारात एका बाईनं मला पाहून पसरलेली मिरची गोळा करायला घेतली," मी म्हणाले, आणि सैलावलेली माणसं सरळ बसली.

गावांची फिल्म ठेवली, वारांची ठेवली, मग कड्यांची. एकेक कडं पुरं होताना पुढच्या रांगेतली माणसं मान हलवत होती. मला समोरचं कुणी अनोळखी वाटेना. मी घरच्या भिंतीपाशी बोलत होते तशीच बोलत होते, फक्त भिंत मोठी होती. शेवटी केळीच्या पट्ट्याची फिल्म ठेवली, तुटलेली कडी दाखवली, मजुरीचा आणि बाजाराचा संबंध सांगितला. घंटी वाजायच्या आत मी संपवलं.

अध्यक्ष उठून पडद्याजवळ गेले. त्यांनी काठीनं रावेरच्या खालची जागा दाखवली. "बाई, फार छान. एक शंका आहे. हा इथून असा वळत गेलेला फिकट मार्ग तुम्ही दाखवलाय, पण त्याबद्दल बोलला नाहीत. जुना बैलगाडीचा रस्ता आहे का हा?"

मी पडद्याकडं पाहिलं. सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीपर्यंत एक राखाडी पट्टा खरंच वळत गेला होता. घरी खिडकीच्या उजेडात तो मला कधी दिसलाच नव्हता. इथं प्रोजेक्टरच्या झगझगीत दिव्यानं त्याला वर काढलं होतं. तो काय आहे ते मला कळलं आणि माझे कान तापले. क्षणभर वाटलं, हो म्हणावं, जुना रस्ता आहे. पण कुणी पुढं विचारलं असतं, कुठून कुठं जातो, तर?

"सर, तो रस्ता नाही," मी म्हणाले. "ते गळपट्टीचं हाड आहे."

पुढच्या रांगेतली माणसं पडद्याकडं वाकली.

"कुणाचं?" अध्यक्षांनी विचारलं.

"ते माहीत नाही सर. आम्हाला फिल्म मिळाली नाही, म्हणून जुने एक्स-रे धुऊन घेतले. त्यातलं एवढं राहिलेलं दिसतंय."

आणि तेवढ्यात शेवटच्या रांगेतून अक्का उठून उभ्या राहिल्या. "ते मी लय घासलं हो सायेब! सोड्यानं घासलं, राखेनंबी घासलं. निघालंच नही!"

मग जे हसू फुटलं, ते मला आजही ऐकू येतं. अध्यक्ष तर टेबलाला टेकून हसत होते, डोळे पुसत होते. आमचे सर, ज्यांना मी दोन वर्षांत कधी हसताना पाहिलं नव्हतं, ते रुमाल तोंडावर धरून गदगदत होते. मीही हसायला लागले. लाज वाटायला हवी होती, पण वाटत होता तो निव्वळ आनंद. अध्यक्षांनी अक्कांना नमस्कार केला आणि म्हणाले, "आई, बसा. बाकीचं सगळं चकचकीत निघालंय."

त्यानंतर त्यांनी खरा प्रश्न विचारला: घरोघरी मोटारसायकल झाली, की ही कडी टिकतील का? मी म्हटलं, सर, मला माहीत नाही. मी स्वतःच मोटारसायकलवरून बाजारांत जाते. पण दर वर्षी पुन्हा जाऊन बघायचं, असं मी ठरवलंय. ते म्हणाले, "हेच उत्तर हवं होतं. पेपर पुरा करून परिषदेच्या अंकासाठी द्या."

चहाच्या वेळी माझ्याभोवती चार माणसं होती आणि अक्कांभोवती दहा. कोकणातले एक प्राध्यापक त्यांना विचारत होते, सोडा किती घालायचा. अक्का सांगत होत्या, मूठभर घाला, आणि वरून राख लावा. मी मधे पडून सांगितलं, राख नका लावू, राखेनं ओरखडे पडतात. अक्का माझ्याकडं रोखून पाहत म्हणाल्या, "हिचं ऐकू नका. ही फक्त रेघा ओढत होती." सर चहाचा कप घेऊन माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "तो कापडी नकाशा तुम्ही आणला नाहीत, बरं केलंत."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परतीची एसटी धरली. मला बसल्या जागी स्थिर बसवत नव्हतं. अक्कांशी मी एकसारखी बोलत होते: कोण काय म्हणालं, कोणत्या वेळी कोणता प्रश्न आला, अध्यक्षांचा चेहरा कसा झाला. त्या सगळं पुन्हा पुन्हा ऐकून घेत होत्या आणि हाडाचा भाग आला की मला थांबवून स्वतः सांगत होत्या. पुढच्या सीटवरच्या दोन बायांनीही तो ऐकला.

पारोळ्याच्या अलीकडं एका लहान गावात गाडी चहाला थांबली. खाली पाहिलं, तर रस्त्याच्या कडेला निंबाखाली बाजार भरत होता. अगदी लहान, पंधरा-वीस दुकानं असतील. एक बांगड्यावाला नुकताच पोचला होता, पेटी उतरवून घाम पुसत होता. हे गाव माझ्या नकाशात नव्हतं. माझा भाग तापी-गिरणेकडचा, हा बोरी नदीचा. म्हणजे इकडची कडी वेगळी असणार. हा माणूस आला कुठून, उद्या जाणार कुठं?

मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून पाहिलं. कंडक्टर चहा संपवून गाडीकडं येत होता.

"काय झालं?" अक्कांनी विचारलं.

मी बोटानं बांगड्यावाला दाखवला. अक्कांनी त्याच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि पिशवी उचलली. "मग उतर ना. एसटी काय, दुसरी येईन."

कंडक्टरनं बेल मारली तेव्हा आम्ही दोघी रस्त्याच्या पलीकडं पोचलो होतो. अक्का बांगड्यावाल्यासमोर बसून हात पुढं करून हिरव्या बांगड्या बघत होत्या, आणि मी पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला त्याच्या आठवड्याचा पहिला वार लिहून घेत होते.